वृद्धसेवा केंद्रात एका रहिवाशाचा दुसऱ्याला त्रास होतो तेव्हा : कुटुंबीयांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेहमीची कुरबुर आणि त्रास यांत फरक कसा ओळखायचा?

ढकलणे, मारणे, चावणे, काठी उगारणे ही रूपे चटकन लक्षात येतात. मात्र शिवीगाळ, धमकावणे, सतत हिणवणे, परवानगीवाचून दुसऱ्याच्या खोलीत शिरणे, कपाटात हात घालणे, वस्तू नेणे किंवा मोडणे, ठरलेल्या जागेवरून हुसकावून लावणे आणि नकोसा स्पर्श करणे हाही त्रासच आहे. चार माणसे एका छपराखाली राहिली की खटके उडणारच, आणि प्रत्येक खटक्याची तक्रार करण्याची गरज नसते. भांडणात दोघेही सारख्याच जोराने बोलतात आणि थोड्या वेळाने पुन्हा शेजारी बसलेले दिसतात. त्रास असतो तेव्हा दोघांपैकी एक जण आपली दिनचर्या बदलू लागतो. तो सामाईक दालनात यायचे टाळतो, जेवायला उशिरा येतो, खोलीचे दार लावून घेतो किंवा दाराला खुर्ची टेकवून झोपतो. आवाज किती चढला होता यापेक्षा दिनचर्येतला हा बदल आम्हाला अधिक भरवशाची खूण वाटतो.

असे प्रकार क्वचित घडतात की नेहमी?

बहुतेक कुटुंबांना वाटते त्याहून बऱ्याच जास्त वेळा. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १० शुश्रूषागृहांमधील (सतत देखभाल लागणाऱ्या वृद्धांच्या निवासांमधील) २,०११ रहिवाशांचा अभ्यास झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ एका महिन्याच्या काळात त्यांपैकी २०.२ टक्के रहिवासी अशा किमान एका घटनेत सापडले होते. शाब्दिक त्रास सर्वांत जास्त, म्हणजे ९.१ टक्के, तर शारीरिक त्रास ५.२ टक्के होता. त्याच राज्यातील, तुलनेने स्वावलंबी वृद्धांसाठी असलेल्या निवासांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे हे प्रमाण १५.२ टक्के आढळले. म्हणूनच ‘आमच्याकडे असे कधीच होत नाही’ असे एखादी संस्था ठामपणे सांगते तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की तिथे अशा घटना लिहून ठेवल्या जात नाहीत. ‘होते, आणि झाल्यावर आम्ही अमुक करतो’ असे सांगणाऱ्या संस्थेवर अधिक विश्वास ठेवायला हरकत नाही.

पण ही माणसे अशी का वागतात? आयुष्यभर कुणावर हात न उचललेला माणूस असा कसा होतो?

बऱ्याचदा स्मृतिभ्रंश हे मूळ असते, पण केवळ त्या शब्दावर थांबले तर हाती काहीच लागत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा, जागा आणि वेळ यांचा मेळ लावता येत नाही. दुसऱ्याच्या खोलीत जाऊन पलंगावर आडवे होणाऱ्या आजोबांच्या लेखी ती खोली त्यांचीच असते. तिथे आधीपासून झोपलेल्या बाई मात्र मध्यरात्री डोळे उघडतात तेव्हा त्यांना अंधारात एक परका पुरुष दिसतो. त्या ओरडतात, ते घाबरतात, आणि घाबरलेला हात पुढे येतो. त्या क्षणी दोघांचीही समजूत अशी असते की आपण केवळ स्वतःचे रक्षण केले.

अशा घटनांच्या नोंदी शांतपणे वाचल्या की काही जागा आणि काही वेळा पुन्हा पुन्हा समोर येतात. अरुंद मार्गिका, लिफ्टसमोरची गर्दी, दूरचित्रवाणीचा मोठा आवाज, खिडकीजवळची एकच चांगली खुर्ची, जेवणापूर्वीची वीस मिनिटे, कर्मचाऱ्यांची पाळी बदलण्याची वेळ आणि संध्याकाळ. दिवस मावळताना स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते, आणि नेमके तेव्हाच कर्मचारी कमी असतात. वर उल्लेखिलेल्या २०१६ च्या अभ्यासात एकेका सेविकेवर जितक्या जास्त रहिवाशांचा भार तितके अशा घटनांचे प्रमाण अधिक दिसले. त्यात आणखी एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आढळली. अगदी अंथरुणाला खिळलेल्यांपेक्षा हिंडू-फिरू शकणारे, तुलनेने जाणते रहिवासीच या घटनांत अधिक सापडतात. आपली आई ‘अजून चांगली आहे’, म्हणून ती सुरक्षित आहे, असे गृहीत धरू नये.

शेवटी शरीराचे कारण. एरवी शांत असलेला माणूस एक-दोन दिवसांत आक्रमक झाला, तर आधी त्याची तपासणी व्हायला हवी. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाण्याची कमतरता, न सांगता येणारी दाढदुखी, नवे औषध, बंद पडलेले श्रवणयंत्र यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. स्वभाव रातोरात बदलत नाही; तो तसा बदललेला दिसला तर शरीरात काहीतरी बिघडले आहे असेच प्रथम समजावे.

आई काहीच सांगत नाही. मग आम्हाला कळणार कसे?

अंगावरच्या खुणा पाहाव्यात, पण डोळसपणे. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या आकाराचे वळ, मनगटाभोवतीचे काळे-निळे डाग, कानामागचे ओरखडे या खुणा साध्या धडकेने सहसा उमटत नाहीत. वृद्धांची त्वचा पातळ असते आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असली तर साध्या आधारानेही डाग पडतो, हेही तितकेच खरे आहे. त्यामुळे एका डागावरून निष्कर्ष काढू नये. डागांची जागा, संख्या आणि वेळ यांची संगती लागते का ते पाहावे.

बोलण्यापेक्षा वागणे अधिक सांगते. विशिष्ट व्यक्ती दालनात येताच आईचे बोलणे थांबते का, चष्मा किंवा पाकीट ती उशीखाली ठेवू लागली आहे का, आंघोळीला किंवा जेवणाला जायला ती नकार देते का, याकडे लक्ष द्यावे. ‘तुला कुणी मारले का?’ असा थेट प्रश्न विचारला की बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, काही भीतीने, काही लाजेने, आणि पुष्कळदा मुलांना घोर लागू नये म्हणून. ‘इथे कुणाजवळ बसायला आवडते? कुणाजवळ नको वाटते?’ असे विचारले तर उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. भेटीची वेळही बदलून पाहावी. नेहमी रविवारी सकाळी जाणाऱ्या कुटुंबाला संस्थेची रविवार सकाळच माहीत असते.

घटना घडल्याचा फोन आला. पहिल्या दिवशी काय करावे?

शक्य तितक्या लवकर स्वतः जावे आणि आधी माणसाजवळ बसावे, कार्यालय नंतर. दुखापत डोक्याला असेल, किंवा पडणे झाले असेल, तर ‘आता बरे वाटते आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. वृद्धांमध्ये डोक्याच्या आतला रक्तस्राव हळूहळू वाढू शकतो आणि त्याची लक्षणे कधी कधी काही आठवड्यांनीही दिसतात. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. पडल्यावर पाय टेकता येत नसेल किंवा एक पाय आखूड झालेला, बाहेर वळलेला दिसत असेल तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका घ्यावी.

त्यानंतर जखमांची छायाचित्रे काढावीत, तीही उजेडात आणि तारखेसह. दोन दिवसांनी पुन्हा काढावीत, कारण वळ उशिरा गडद होतात. कोण काय म्हणाले ते त्याच दिवशी, शक्यतो त्यांच्याच शब्दांत, वहीत लिहावे. कर्मचाऱ्यांना विचारायचा सर्वांत उपयोगी प्रश्न हा : ‘त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काय चालले होते?’ ‘कोणाची चूक?’ असे विचारले की समोरचा बचाव करू लागतो. ‘आधी काय चालले होते?’ असे विचारले की ती खुर्ची, तो आवाज, बंद असलेला दिवा, जागेवर नसलेली सेविका हे सगळे एकेक करून बाहेर येते, आणि पुढची घटना टाळण्याचा मार्ग त्यातूनच सापडतो.

एक गोष्ट मात्र करू नये. ज्याने मारले त्या रहिवाशाला जाऊन जाब विचारू नये. संताप स्वाभाविक आहे, परंतु त्या माणसाला बहुधा घटना आठवतही नसते. त्याच्या नजरेला दिसतो तो फक्त ओरडणारा परका माणूस, आणि तुमच्या पाठीमागे त्याचा राग तुमच्याच आईवर निघू शकतो.

संस्थेकडे लेखी काय मागावे?

घटनेची नोंद, तिची तारीख-वेळ, त्या वेळी हजर असलेले कर्मचारी, डॉक्टरांना कधी कळवले आणि पुढे काय बदल करणार, एवढे लेखी मागावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ‘लक्ष ठेवू’ या उत्तरावर समाधान मानू नका. कोण, कोणत्या वेळेला, किती दिवस लक्ष ठेवणार हे विचारा. जेवणाची टेबले वेगळी करणे, खोली बदलणे, मार्गिकेत रात्रीचा दिवा लावणे, संध्याकाळी त्या आजोबांना कुणीतरी फेरफटक्याला नेणे, एकाऐवजी दोन चांगल्या खुर्च्या ठेवणे असे बदल क्षुल्लक वाटतात, पण प्रत्यक्षात घटना थांबतात त्या याच बदलांनी. मात्र बदलांची झळ दर वेळी त्रास सोसणाऱ्यालाच लागत असेल, म्हणजे तुमच्याच आईला खोली सोडावी लागत असेल आणि तिनेच दालनात येऊ नये असे सुचवले जात असेल, तर ते मान्य करू नका.

दुसऱ्या रहिवाशाचे आजारपण, औषधे किंवा निदान संस्था तुम्हाला सांगणार नाही, आणि तिने ते सांगूही नये. ती गोपनीयता उद्या तुमच्याही माणसाच्या कामी येणार आहे. तुमच्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी काय केले जाणार, हे विचारण्याचा अधिकार मात्र त्यामुळे कमी होत नाही.

‘त्यांना स्मृतिभ्रंश आहे, आम्ही तरी काय करणार?’ असे उत्तर मिळाले तर?

या उत्तरातला पहिला भाग खरा असू शकतो, दुसरा नाही. स्मृतिभ्रंशामुळे त्या रहिवाशाकडे दोष जात नाही, पण संस्थेची जबाबदारी त्याच कारणाने वाढते, कारण जो स्वतःला आवरू शकत नाही त्याच्या जागी दुसऱ्या कुणीतरी सावध राहावे म्हणूनच ती संस्था उभी आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वी मारणारा रहिवासी स्मृतिभ्रंशासारख्या आजाराने ग्रासलेला असेल तर घटना कळवण्यातून संस्थेला सूट मिळत असे. १ एप्रिल २०२१ पासून तिथे गंभीर घटना कळवण्याची नवी व्यवस्था लागू झाली आणि ही सूट गेली. गंभीर घटना आता २४ तासांत कळवावी लागते. अमेरिकेतील संघराज्याच्या नियमांनुसार शुश्रूषागृहाने अत्याचाराची किंवा गंभीर दुखापतीची तक्रार २ तासांच्या आत संबंधित यंत्रणेला कळवायची असते आणि चौकशीचा निष्कर्ष ५ कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. तरीही कुठल्याही संस्थेशी बोलताना या मुदती मापदंड म्हणून मनात ठेवाव्यात. तीन आठवडे ‘चौकशी चालू आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

ऑस्ट्रेलियातच २००० ते २०१३ या काळात अशा घटनांतून झालेल्या २८ मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यांत गुंतलेल्या जवळजवळ ९० टक्के रहिवाशांना स्मृतिभ्रंश होता आणि बहुतेकदा घडले ते एवढेच : एकाने ढकलले, दुसरा पडला. ना शस्त्र, ना जुने वैर. ‘नुसता धक्काच तर दिला’ असे कुणी म्हणू लागले की हे आठवावे.

त्रास देणारे आमचेच वडील असतील तर?

हा प्रश्न फार कमी जण मोकळेपणाने विचारतात. फोन येतो तेव्हा मान खाली जाते, आणि मग एकतर कुटुंब सगळे नाकारते किंवा संस्था म्हणेल त्याला मान डोलावते. दोन्ही टाळावे. वडिलांची सर्वांत जास्त माहिती तुमच्याकडे आहे, आणि ती संस्थेला द्यावी. ते रात्रपाळी करत असत का? कुणी मागून हात लावला की दचकत असत का? उजव्या कानाने ऐकू येत नाही का? बाथरूममध्ये परक्या माणसासमोर संकोचतात का? एका निवृत्त पहारेकऱ्याचे उदाहरण घ्या. तो रोज रात्री दारे तपासायला निघतो आणि आत कुणी दिसले की त्याला बाहेर ओढतो. त्याच्या हिशेबी तो कामावर आहे. अशा माणसाला पलंगावर डांबण्यापेक्षा एखाद्या कर्मचाऱ्याने सोबत राहून त्याची ‘फेरी’ पूर्ण करून दिली तर तो निवांत झोपू शकतो.

औषधांविषयी सावध असावे. वागणूक आवरण्यासाठी दिली जाणारी मनोविकारविरोधी औषधे कधी कधी आवश्यक ठरतात, पण स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये यांपैकी नव्या पिढीच्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांवरही याबाबत ठळक इशारा छापायला लावला. औषध सुचवले गेले तर ते कशासाठी, किती दिवसांसाठी आणि कमी केव्हा करणार हे विचारावे, आणि वेदना, संसर्ग, बद्धकोष्ठ यांची तपासणी झाली आहे का हेही. हातपाय बांधण्याला किंवा खोलीत कोंडण्याला गुपचूप संमती देऊ नये. त्याने आक्रमकता वाढते आणि इजाही होते.

आणि दुसऱ्या कुटुंबाला भेटून ‘आम्हाला वाईट वाटले’ एवढे म्हणणे म्हणजे गुन्हा कबूल करणे होत नाही.

दोन्ही कुटुंबांनी एकमेकांशी बोलावे का?

पहिला राग ओसरल्यावर, व्यवस्थापकांच्या उपस्थितीत, बोलणे बहुधा फायद्याचे ठरते. दोघांची मागणी शेवटी एकच असते : संध्याकाळी माणसे पुरेशी असावीत, आणि ती प्रशिक्षित असावीत. संस्थेला जबाबदारी झटकण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन कुटुंबांना एकमेकांविरुद्ध उभे राहू देणे. कुटुंबीयांची सभा किंवा समिती असेल तर हा विषय तिथे, कुणाचे नाव न घेता, मांडावा.

घटना लैंगिक स्वरूपाची असेल तर?

इथे घाई आवश्यक आहे. वैद्यकीय तपासणी होईपर्यंत शक्यतो आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, चादर बदलू नये. बदललेले कपडे कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकच्या नव्हे. पोलिसांना कळवावे आणि संस्थेने कळवले का ते स्वतः पडताळावे. ‘या वयात काय’ असे म्हणून विषय झटकला जात असेल तर तो झटकू देऊ नये.

मात्र दोन वृद्धांमधली प्रत्येक जवळीक हा अत्याचार नसतो. हात धरून बसणे, एकमेकांच्या खोलीत जाऊन गप्पा मारणे यांत दोघांचीही खुशी असू शकते, आणि मुलांना ते अवघड वाटणे ही वेगळी गोष्ट आहे. प्रश्न संमतीचा आहे. समोरची व्यक्ती कोण आहे हे तिला कळते का, नको असेल तर ती ‘नको’ म्हणू किंवा दर्शवू शकते का, भेटीनंतर ती शांत असते की घाबरलेली, हे पाहावे लागते. स्मृतिभ्रंशात ही समज दिवसागणिक बदलते, म्हणून एकदा ठरवून सोडून देता येत नाही.

खोलीत कॅमेरा लावावा का?

आधी तिथला कायदा आणि संस्थेचा नियम विचारावा. खोलीत दुसरे कुणी राहत असेल तर त्यांची संमती हवीच. कॅमेरा काय घडले ते दाखवतो, घडायचे थांबवत नाही.

पोलिसांकडे जाणे योग्य की अतिरेक?

गंभीर इजा, लैंगिक अत्याचार, वारंवार होणारा हल्ला किंवा संस्थेने दडवलेली घटना असेल तर अतिरेक मुळीच नाही. हल्ला करणाऱ्याला शिक्षा होणे बहुधा शक्य नसते, आणि कुटुंबालाही ते नको असते. परंतु नोंद राहिली की संस्थेचे दुर्लक्ष तपासता येते.

आईला दुसरीकडे हलवावे का?

पहिल्या घटनेनंतर लगेच हा निर्णय घेऊ नये. नवी जागा, नवे चेहरे, नवी मार्गिका यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा गोंधळ वाढतो, आणि गोंधळलेला नवा रहिवासी दुसऱ्यांच्या खोलीत जास्त शिरतो. संस्थेने लेखी उपाय दिले, ते पाळले आणि महिनाभरात त्रास थांबला, तर तिथेच राहणे बरे. पण तीच घटना तिसऱ्यांदा घडली, फोन यायला दोन दिवस लागू लागले, किंवा तक्रार केल्यापासून आईशी वागण्यातच फरक पडला असे दिसले, तर मात्र थांबू नये. नवी जागा पाहायला जाताना सायंकाळी पाच ते सातच्या दरम्यान जावे, न कळवता.

आम्हीच तिला तिथे ठेवले. ही टोचणी कशी घालवायची?

ती पूर्णपणे जात नाही, आणि जाते असे सांगणे खोटेपणाचे ठरेल. एवढे मात्र सांगता येते की ही टोचणी भावंडांच्या भांडणात रूपांतरित होते तेव्हा सर्वाधिक नुकसान होते. लांब राहणारा भाऊ फोनवर म्हणतो, ‘मी आधीच सांगत होतो’, आणि रोज जाणारी बहीण त्या रात्री झोपत नाही. त्यावर एकच व्यवहारी उपाय आमच्या पाहण्यात आहे : कामे वाटून घ्या. एकाने संस्थेशी पत्रव्यवहार करावा, दुसऱ्याने डॉक्टरांशी बोलावे, तिसऱ्याने केवळ आईजवळ बसावे आणि घटनेचा विषयही काढू नये. हे तिसरे काम हलके समजू नये. घटना विसरलेल्या आईच्या अंगात भीती मात्र राहिलेली असते. तिला हवी असते ती ओळखीची साडी, ओळखीचा आवाज आणि दाराकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची, म्हणजे आत कोण येते ते तिला आधी दिसेल.

उपाय लागू पडतो आहे हे कसे कळेल?

घटनेनंतर एका आठवड्याने आणि एका महिन्याने संस्थेशी बैठक ठरवून घ्यावी, आणि तुमची वही सोबत न्यावी. नव्या घटना नसणे पुरेसे नाही. आई पुन्हा दालनात येऊन बसते का, जेवण पूर्वीइतके जाते का, चष्मा पुन्हा उशीखालून मेजावर आला का, हे पाहावे.